तास वाचणारे काकाजी

सत्य आकड्यात असतं, आणि आकडा काचेच्या आत असतो. दारव्ह्याच्या जुन्या ट्रॅक्टरांच्या बाजारात हे वाक्य इतक्या गांभीर्याने उच्चारलं जाई, की ऐकणारा नकळत टोपी सरळ करी. मग काकाजी चष्मा काढत, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसत, त्याच दुपट्ट्याने ट्रॅक्टरच्या मीटरची काच पुसत आणि चष्मा पुन्हा एकदा पुसत. तोवर दुपट्ट्याचं ग्रीस चष्म्यावर आलेलं असे. काकाजींना सत्य नेहमी जरा काळपट दिसलं, त्याचं कारण हे.

बाजार म्हणजे यवतमाळ रस्त्याकडेचं एक मोकळं मैदान. तिथे कडुनिंबाखाली माझं टेबल आहे. मी लोकांचे अर्ज आणि सौदापावत्या लिहितो. ‘ट्रॅक्टर पाहून, समजून, राजीखुशीने घेतला’ हे इतक्यांदा लिहिलंय की त्यातलं काय खरं असतं, हे मी विचारत नाही. ज्यांनी कधी ट्रॅक्टर घेतला नाही त्यांच्यासाठी सांगतो: ट्रॅक्टरचं वय किलोमीटरात नाही, तासांत मोजतात. स्टिअरिंगपुढे एक छोटं मीटर असतं; इंजिन जितके तास चाललं तितका आकडा त्यात चढतो. आमच्याकडे तासाला घंटा म्हणतात. घंटे कमी, तर ट्रॅक्टर तरुण. इथपर्यंत ठीक आहे. यापुढे काकाजी सुरू होत.

ते एका सरकारी खात्यात गाड्यांचं लॉगबुक लिहीत निवृत्त झाले होते. साहेबाची जीप विटांवर उभी असायची आणि लॉगबुकातून पुसदला जाऊन परत यायची. हे त्यांनीच मला सांगितलं, कौतुकाने. “सारी नोकरी झाली, एक आकडा खोडला नाही म्या.” अशा माणसाची आकड्यावर श्रद्धा बसली तर नवल नाही, त्याने तो स्वतः जन्माला घातलेला असतो.

बॉनेट त्यांनी कधी उघडलं नाही. सुरू ट्रॅक्टर त्यांना आवडत नसे, काच थरथरते म्हणत. मेकॅनिक काही बोलू लागला की ते तळहात वर करत. “तू हात काळे कर, बाबू. आकडा मी पायतो.” दोन हजार घंट्यांच्या आसपासचा ट्रॅक्टर त्यांच्या भाषेत लेकरू, चार हजारांपर्यंत कर्ता, आणि पाचच्या पुढचा वारलेला. “हा वारला. नुसता उभा हाय,” असं ते समोर मालक उभा असताना सांगत.

याचे ते पैसे घेत नसत. फुकटच्या मताला लोक जास्त मान देतात, हे त्यांनी ओळखलं असावं. त्यांना चहा लागे आणि सावलीतली एक खुर्ची. ती दुसऱ्या कोणी अडवली, तर त्या दिवशी कोणालाच सत्य मिळत नसे. तुमच्या गावातही अशी एक खुर्ची असेलच.

दसऱ्यानंतरच्या एका बाजाराला जवळच्या तांड्यावरची एक बाई नवऱ्याला घेऊन आली. नवरा गप्प होता, सौदा तिचा होता. दरवर्षी दिवाळीनंतर तांड्यावर ट्रक येतो आणि घरंच्या घरं ऊसतोडीला घेऊन जातो. अकरा हंगाम तीही गेली होती. आता ट्रॅक्टर घ्यायचा, आजूबाजूच्यांची नांगरणी-पेरणी भाड्याने करायची आणि गावातच राहायचं, असं तिने ठरवलं होतं. पावतीला काय काय लागतं ते विचारता विचारता ती म्हणाली, “यावर्षी ट्रकात नाही चढायचं, भाऊ. पोरगी दहावीत हाय.”

तिच्या आवाक्यात दोन ट्रॅक्टर होते. एक लाल, नव्या रंगाचा, आरशासारखा. दुसरा निळा, उन्हाने रंग खाल्लेला. एका कापूसवाल्या शेतकऱ्याने नवा घेतला म्हणून विकायला काढलेला. दोन्हींची किंमत जवळपास सारखी होती. एवढ्यानेच कोणाला तरी खटकायला हवं होतं.

काकाजी उठले. दुपट्टा, काच, चष्मा. लाल: “एकवीसशे. लेकरू हाय.” निळा: “चौसष्टशे बारा. वारला. दिवाळीच्या आत बसवते तुले.”

बाईने अदबीने मान हलवली, आणि दोन्ही ट्रॅक्टर सुरू करायला सांगितले. उसाच्या ट्रॉल्यांपुढचे ट्रॅक्टर तिने अकरा हंगाम चढावर चिखलात पाहिले होते; कोणता दमतो आणि का दमतो, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिने तेलाची टोपणं काढायला लावली. लाल ट्रॅक्टरमधून ओल्या चुलीसारखा धूर आला, निळ्यातून जेमतेम वाफ. मग ती लाल ट्रॅक्टरच्या क्लचच्या पेडलपाशी वाकली. त्यावरचं रबर कधीच गेलं होतं आणि लोखंड घासून घासून चकाकत होतं.

“काकाजी,” ती म्हणाली, “लेकराच्या पायाखाली एवढं लोखंड झिजते काय?”

लोक हसले. काकाजी हसले नाहीत. “बाई, तू आकडा वाच.”

“वाचला ना. म्हणून तं खाली वाकून पायलं.”

तिने निळा घेतला. काकाजींनी साक्षीदार म्हणून सही करायचं नाकारलं, आणि सौदा आपल्या सल्ल्याविरुद्ध झाला असं पावतीत लिहा म्हणून मला बजावलं. मी टोपण लावलेलं पेन कागदावर गंभीरपणे फिरवलं. त्यांचं समाधान झालं.

पुढे दर बाजारी ते तांड्याकडे सवाऱ्या नेणाऱ्या जीपवाल्यांना एकच प्रश्न विचारू लागले: तांड्यावरचा निळा बसला का? नाही म्हटलं की म्हणत, बसंल. एका घराचं पोट ज्यावर आहे ते यंत्र बंद पडावं, म्हणून एक म्हातारा माणूस आठवड्याच्या आठवड्याला चौकशी करतो. क्षुद्रपणा मी बराच पाहिला आहे, पण इतका वक्तशीर पाहिला नव्हता.

लाल ट्रॅक्टर त्यांच्या शब्दावर एका बी-बियाण्यांच्या दुकानदाराने घेतला. हरभऱ्याच्या पेरणीत तो शेताच्या मधोमध उभा राहिला तो राहिलाच. मेकॅनिकने इंजिन उघडलं, आणि चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर निकाल सांगितला: ट्रॅक्टर कित्येक वर्षं वाळू ओढत होता, मीटर दुसऱ्याच कुठल्या नव्या ट्रॅक्टरचं काढून बसवलेलं. सगळे काकाजींकडे पाहू लागले. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला.

“मीटर खरंच होतं,” ते म्हणाले. “ट्रॅक्टर खोटा निघाला.”

सिद्धांत वाचवण्यासाठी जगालाच दोषी ठरवणारे पंडित मी पुस्तकांत पुष्कळ वाचले. त्यांना त्यासाठी दोन-दोन खंड लागले होते.

ट्रक दिवाळीनंतर आला आणि निम्मा तांडा घेऊन गेला. बाईच्या घराला कुलूप लागलं नाही.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी काकाजींचे गुडघे गेले, आणि मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. जायच्या आदल्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. शेवटी म्हणाले, “तो निळा किती घंट्यावर गेला असंल आता?” मला ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं ते तेवढंच. पाहून कळवतो म्हणालो. खुर्चीवर पुढच्याच बाजारापासून एक टायरवाला बसू लागला. काकाजी कुठे, असं कोणी विचारलं नाही.

दहावीचा निकाल लागल्यावर बाई मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज लिहून घ्यायला आली, निळ्या ट्रॅक्टरवरच. मला काकाजींना दिलेला शब्द आठवला. अर्ज बाजूला ठेवून मी उठलो आणि मीटर पाहिलं. चौसष्टशे बारा.

मी तिच्याकडे पाहिलं.

“ते तं बंदच हाय, भाऊ. तार तुटेल हाय. घेतला तवाच तुटेल होती. सुरू केला तवाच पायलं म्या, मीटरचा काटा हालतच नव्हता.”

मग तेव्हाच काकाजींना का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

“एवढ्या मनापासून वाचून राह्यले होते ते. चारचौघात कायले सांगू?”

ती ट्रॅक्टरवर चढली. मी नागपूरला फोन लावला. काकाजींनी तब्येतीचं वगैरे काही सांगितलं नाही, सरळ आकडा विचारला. मी चौसष्टशे बारा म्हणालो. मग त्यांचा आवाज एकदम तरुण झाला.

“म्हणजे एक घंटाही चालला नाही. म्या तं सांगतलंच होतं, वारला हाय.”

ते आणखीही काही म्हणाले, पण समोर ट्रॅक्टर सुरू झाल्यामुळे मला ऐकू आलं नाही.