रिसीव्हरमधली फुंकर

घरचा टेलिफोन डेड झाला, तर दोष यंत्रात आहे, बाहेरच्या लाइनमध्ये आहे की घरातच आणखी कुठे, हे कसे ठरवावे? मला या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी शिकवले, ते रिसीव्हर उचलला की आधी त्यात हलकी फुंकर मारीत. स्वतःची फुंकर कानात ऐकू आली की म्हणत, "जीव हाय." बटणांकडे त्यानंतर वळत.

आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या विमानतळाजवळच्या स्वोर्ड्स गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या डॉक्टरांचे ते वडील. सातारा जिल्ह्यात टेलिफोन दुरुस्तीची नोकरी करून निवृत्त झालेले आणि २०१६ साली तीन महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. मी पूर्वी पुण्याच्या शाळेत विज्ञान शिकवीत असे, हे कळल्यावर ते मला "बाई" म्हणू लागले. मी त्यांना काका म्हणे.

समोरच्या घरात ऐंशी ओलांडलेल्या एक आयरिश आजी एकट्या राहत. त्यांच्या गळ्यात आणीबाणीचे बटण असे. ते दाबले की फोनच्या लाइनला जोडलेल्या पेटीतून मदत केंद्राला फोन लागे. एका सोमवारी त्यांचा फोन डेड झाला आणि त्याबरोबर पेटीही. दूर कॉर्क शहरात राहणाऱ्या मुलीने शेजाऱ्यांच्या फोनवर त्यांना बजावले, "मी शनिवारी येते. तोवर बटण चाललं नाही, तर तुला वृद्धाश्रमात न्यायचं." कंपनीचा माणूस मात्र पुढच्या आठवड्यात येणार होता.

मंगळवारी काका मला दुभाषी म्हणून घेऊन तिथे गेले. रिसीव्हर उचलला, तोच डोक्यावरून विमान गेले. काकांनी एक बोट वर करून सगळ्यांना थांबवले, आवाज पूर्ण विरू दिला, मग फुंकर मारली.

"फुंक येतीया, पण टोन न्हाई. लाइन जिवंत हाय, बाई. कुणीतरी तिला धरून बसलंय. आक्कांना विचारा, यंत्रं किती हायती?"

आजी म्हणाल्या, दोन. हॉलमधला फोन आणि ती पेटी.

"आधी समदं काढायचं. मग एकेक जोडायचं." दोन्ही काढली आणि डॉक्टरांच्या घरचा चांगला फोन एकटाच जोडला. तरी टोन नाही. मग एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर खोल्यांची यादी झाली आणि काका भिंतीच्या कडेने तार तपासू लागले. मंगळवार गेला, बुधवार गेला. स्वयंपाकघर, बैठकीची खोली, जिन्याखालचे कपाट. प्रत्येक जोड उघडून पाहिला आणि पुन्हा बसवला.

गुरुवारी आजींनी मला विचारले, "युअर मॅन अजून हरला नाही का? निदान चहा तरी घेईल?" "युअर मॅन" म्हणजे तिकडच्या बोलीत "तो गडी".

मी विचारले. काका खाली वाकलेलेच होते. म्हणाले, "टोन आल्यावर."

शुक्रवारी सकाळी मी ते पाकीट हातात घेतले. सगळ्या खोल्यांपुढे खूण होती, फक्त वरच्या मजल्यावरच्या एका खोलीपुढची जागा कोरी होती.

"ही राहिली, काका."

"ती आक्कांची निजायची खोली. परक्या बाप्यानं तिथं कसं शिरायचं?"

"पण तार तिथे जाते का?"

काकांनी पाकिटाकडे पाहिले. "जाती," म्हणाले. त्यांनी तार त्या उंबऱ्यापर्यंत तपासली होती आणि तिथूनच परत फिरले होते. त्यांनी कपाळावर हात मारला. "जन्मभर पोरांना सांगत आलो, एक बी जोड सोडू नका. आन मीच सोडला."

मी परवानगी मागितली, तेव्हा आजी मोठ्याने हसल्या. "अगं, कोण बघतंय आता मला! जाऊ दे त्यांना."

तरीही काका दाराकडे पाठ करून बाहेरच उभे राहिले आणि मला आत पाठवले. "उजवीकडनं सुरू करा. भिंत सोडू नका, बाई."

पलंगाच्या पलीकडच्या बाजूला ब्लँकेटांचा ढीग होता. त्याखाली एक जुना फोन निघाला. भाराने त्याचा रिसीव्हर सरकून आडवा पडला होता.

आजी माझ्यामागे येऊन उभ्या होत्या. "ती त्यांची बाजू," त्या हळूच म्हणाल्या. पतीला जाऊन दोन वर्षे झाली होती. "तिकडे मी जातच नाही. रविवारी थंडीची ब्लँकेटं काढली, ती इकडूनच ढकलली. तिथे फोन आहे हे विसरूनच गेले होते."

मी रिसीव्हर जागेवर ठेवला. काका तोवर जिना उतरलेही होते. खालून आवाज आला, "जीव हाय! टोन बी हाय!"

पेटी पुन्हा जोडली. आजींनी बटण दाबले. पेटीतून एका बाईचा आवाज आला, सगळे ठीक आहे ना, म्हणून विचारणारा.

"ग्रँड," आजी म्हणाल्या. मग बटणावरचा हात काढून, "मी माझ्या घरीच आहे."

"आता च्या," काका म्हणाले.

शनिवारी मुलीने स्वतः बटण दाबून पाहिले आणि कॉर्कला एकटीच परतली.

काका ठरल्याप्रमाणे साताऱ्याला गेले. पुढच्या वर्षी, डॉक्टर घाईने गावी निघाले त्या दिवशी, मला काका वारल्याचे कळले. ते पाकीट अजून आजींच्या हॉलमधल्या फोनखाली आहे. त्या कोऱ्या जागी काकांनी त्या शुक्रवारीच खूण केली होती, इतरांपेक्षा जरा ठळक. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी तिथे जाते, विमान जाऊ देते आणि रिसीव्हरमध्ये फुंकर मारते.

वाचकांना एवढीच विनंती, की माझ्या शब्दावर विसंबू नये. आपल्या किंवा शेजारच्या वृद्धांच्या घरी असा फोन असेल, तर तो उचलून फुंकर स्वतः ऐकावी. टोन नसेल, तर प्रत्येक खोली पाहावी आणि जिथे जायला आपल्याला संकोच वाटतो, तिथे परवानगी मागून सर्वांत आधी जावे.