तळाची पेटी

सुपारीच्या व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला एक खोड लागते. समोरच्याने हातावर ठेवलेली सुपारी तो कधी फोडून बघत नाही. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळाची काढायची, अडकित्त्याने कातरायची, मग भावाचं बोलायचं. वडिलांनी मला एवढंच शिकवलं, आणि जाताना दिवेआगरची सुपारीची वाडी माझ्या नावे करून गेले.

त्या वाडीवर एकदा आमच्या ह्यांचा डोळा गेला. हे शाळेत मास्तर. मुंबईला मित्राकडे रेडिओ ऐकून आले आणि महिनाभर ह्यांचे पाय जमिनीला लागेनात. गिरगावात कुणी एक तरुण रेडिओ बनवत होता, कंपनी लहान होती, त्याला भागीदार हवे होते.

"अगं, तारेशिवाय गाणं येतं! वाडी विकू, शेअर घेऊ."

"तारेशिवाय गाणं येत असेल," मी म्हटलं, "पैसा कसा येतो ते मला बघू दे."

दिवाळीनंतर आगबोटीने गेलो. कंपनी म्हणजे गल्लीतल्या दोन खोल्या. मालकाने आम्हाला बसवलं आणि दाराशी मांडून ठेवलेला रेडिओ लावला. कुणी गवई गात होता, अगदी स्वच्छ. ह्यांचे डोळे भरून आले. मी उठून मागचा पडदा सारला, म्हटलं ग्रामोफोन लपवला असेल. मागे मोरी निघाली.

"हा नको," मी म्हटलं आणि भिंतीशी रचलेल्या रेडिओच्या पेट्यांतली सगळ्यात खालची दाखवली. "ती लावा."

हे शरमेने अर्धमेले झाले. मालक मात्र हसला नाही. एकेक पेटी उतरवून त्याने तळाची काढली, जोडली. तीही गायली.

"आता उघडा."

आत तारांचं जाळं आणि काचेचे लहान दिवे.

"यातलं तुमचं काय?"

"पेटी आमची, जोडणी आमची. दिवे, म्हणजे व्हॉल्व्ह, परदेशी कंपनीचे, वहिनी."

"येताना नाक्यावर रेडिओचं मोठं दुकान दिसलं, त्यांचे?"

"त्यांचेच."

"आणि उद्या त्यांनी द्यायचे बंद केले तर?"

"तर आमचंही बंद," तो म्हणाला.

इतकं खरं बोलला म्हणून मला तो जास्तच लबाड वाटला. दुसऱ्याची वाडी मागायला बसलेला माणूस असा कधी बोलतो का? मी चहासुद्धा अर्धा ठेवून उठले.

वाडी विकली नाही. परतीच्या बोटीत हे समुद्राकडे तोंड करून बसले होते. घरी आल्यावर बोलायला लागले, पण बाजारहाटाचं, शाळेचं. नवीन काही डोक्यात आलं की माझ्याकडे धावत यायचे, ते थांबलं.

दोन वर्षांत कंपनी बुडाली. नाक्यावरच्यांनी दिवे बंद केले नाहीत, रेडिओचा भाव इतका उतरवला की या बिचाऱ्याचं कुणी घेईना. माझंच खरं ठरलं. शाबास मात्र कुणी म्हणालं नाही.

मग एक दिवस बोटीने खोकं आलं. आत तीच पेटी, सोबत बॅटरी आणि दोन ओळी: वहिनींनी निवडलेली ही पेटी विकायला मन झालं नाही.

"फुकट कोण देतं?" मी म्हटलं. "मागून बिल येईल. जशीच्या तशी राहू दे, परत करता आली पाहिजे."

खोकं माळ्यावर गेलं. येता-जाता हे वर बघायचे, ते मला दिसायचं. मी बिलाची वाट बघत होते. दोन पावसाळे गेले, बिल आलं नाही. शेवटी मीच म्हटलं, "काढा ती खाली."

ह्यांनी बॅटरी महाडला पाठवून भरून आणली. पोफळीला एरियलची तार बांधली. सगळं जोडलं, बटण फिरवलं, पुन्हा फिरवलं; आवाज नाही. उघडून बघितलं, तर खाऱ्या दमट हवेने आतल्या तारा हिरव्या पडल्या होत्या.

ह्यांनी पेटीला कान लावला आणि डोळे मिटून बसून राहिले.

"येतंय का काही?" मी विचारलं.

"येतंय," हे म्हणाले.

मी शेजारी बसले. कान लावून बघितला नाही.