शेवटच्या माणसाचा होकार

माझी आत्या जन्मभर नर्स होती आणि जन्मभर घाईत होती. जेवतानासुद्धा तिचा एक पाय उंबरठ्याबाहेर. अशा बाईला आमच्या लोकांनी आपल्या पहिल्या परिषदेची प्रमुख केलं, म्हणजे कमालच! आम्ही इथले मूळचे लोक. देश नंतर आला. त्याच्या संसदेनं आमचा कारभार मागच्या वर्षी एकदाचा आमच्या हाती दिला. आणि आमच्या कारभाराची रीत अशी की शेवटचा माणूस ‘हो’ म्हणेपर्यंत काही ठरत नाही. मतदान नाही, हात वर करणं नाही. बोलत बसायचं.

पहिलाच मोठा प्रश्न दवाखान्याचा आला. आजवर तो सरकार चालवायचं. डॉक्टरांना आमची भाषा येत नसे, म्हातारी माणसं पोटातलं दुखणं खाणाखुणांनी सांगत. हा दवाखाना आपल्या हाती यावा, हा आत्याचा ध्यास होता. परिषद त्यासाठी बसली, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत होकार कळवला नाही, तर आणखी पाच वर्षं तो सरकारकडेच राहणार होता.

सगळे तयार होते. अडून बसला तो तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा.

“औषधं संपली की आपण सरकारला शिव्या घालतो,” बाबा म्हणाले. “उद्या कुणाला घालायच्या?”

सगळे खो खो हसले. होकार न्यायला आलेले सरकारी साहेब घड्याळाकडे बघत आत्याला हळूच म्हणाले, “बाई, एकटेच तर आहेत ते. बहुमत तुमचंच आहे. उरकून टाका.”

“इतकी वर्षं तुम्ही आम्हाला बहुमतानंच उरकलंत, साहेब,” आत्या म्हणाली. आणि बसणं म्हणजे काय हे ठाऊक नसलेली ती बाई खुर्ची ओढून बाबांसमोर बसली. “बोल. खरं काय ते बोल.”

बाबा बराच वेळ टोपीशी चाळा करत राहिले. खिडकीतलं ऊन कलायला लागलं. मला तर त्यांचा रागच आला होता.

“काही चुकलं तर लोक तुला बोलतील, ताई,” ते शेवटी म्हणाले. “या वयात. मला ते ऐकवणार नाही.”

माझा राग तिथंच विरघळला.

“आणि औषध संपलं, तर सगळे तुझंच दार ठोठावणार,” बाबा पुढे म्हणाले.

“मग आजवर कुणाचं ठोठावत होतात रे?” आत्या म्हणाली.

कुणीच हसलं नाही. खोकल्यापासून बाळंतपणापर्यंत, तिथल्या प्रत्येकानं ते दार ठोठावलं होतं.

“हो,” बाबा म्हणाले.