उजेडकाका आणि लांब नाकाचा कॅमेरा

सकाळी साडेसातला आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत दोन गोष्टी नेमाने होत. नळाचं पाणी जाई, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उजेडकाका येऊन आकाशाकडे बघून आकडा सांगत. "आठ, अडीचशे." ढग असले तर "साडेपाच, सव्वाशे." पहिला आकडा कॅमेऱ्याचं भिंग किती उघडायचं त्याचा, दुसरा त्याचा पडदा किती झटकन मिटायचा त्याचा. चाळीत त्या वेळी कोणाच्याही हातात कॅमेरा नसे. हातात असत टूथब्रश, नाहीतर पाण्याने भरलेल्या कळश्या. तरी काका सांगत, आणि बायका त्यातून आपल्या कामाचं तेवढं घेत. पहिला आकडा अकरा आला की कडक ऊन, पापड वाळत घालायचे, हे खालच्या मजल्यावरच्या सगळ्यांना पाठ होतं. वर्तमानपत्रातलं हवामान चुके, काकांचं अकरा कधी चुकलं नाही.

त्यांचं खरं नाव वामन परब, पण ते फक्त रेशनकार्डावर. स्टेशनजवळ त्यांचा स्टुडिओ होता. एका वेळी तीनच माणसं आत मावत, आणि त्यात एक काका. गिरणगावातली निम्मी लग्नं त्यांनी काढलेली. माझ्या आईवडिलांचंही त्यांनीच काढलं. त्या लग्नात काका फोटोसाठी इतके पुढे सरकले की मंगल परिणय लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी गाथा मध्येच थांबवून "परब, जरा मागे व्हा, वधू मला दिसत नाहीये," असं सांगितलं. आमच्या घरात ही गोष्ट अजून सांगितली जाते, आणि दर वेळी काका वधूच्या आणखी वीतभर जवळ जातात.

जवळ जाणं हा त्यांचा धर्मच होता. "झूम पायांनी करायचा," असं ते म्हणत. लांबून फोटो काढणाऱ्याला ते फोटोग्राफर मानत नसत. "खिडकीतून डोकावल्यासारखं काय काढायचं? जा, उभा राहा समोर, त्याला कळू दे कोण काढतंय ते."

त्यांचा दुसरा नियम त्यांच्या धंद्याला परवडणारा नव्हता. माणूस अडचणीत असेल तर कॅमेरा खाली घ्यायचा. पाठवणीच्या वेळी मुलीचा बाप रडायला लागला की काका कॅमेरा गळ्यात सोडून त्याच्यासाठी पाणी आणायला धावत. "आधी पाणी, मग फोटो." आता पाणी पिऊन झाल्यावर कोण पुन्हा रडणार? त्यामुळे त्यांच्या अल्बमांत पाठवणीतले रडके बाप सापडत नाहीत. काही गिऱ्हाइकांनी तक्रारही केली. काकांनी ऐकून घेतली आणि पुढच्या लग्नात पुन्हा पाणीच आणलं.

मोबाइल आले, स्टुडिओ बंद झाला. काकांनी त्याचं दुःख केलेलं मला तरी दिसलं नाही. पण गॅलरीतला आकडा मात्र तेव्हापासूनच सुरू झाला, हे मला काकूंनी फार उशिरा सांगितलं.

मी परळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. एका वर्षी मुलांना शिवडीच्या धक्क्यावर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दाखवायला घेऊन गेले आणि मुलांपेक्षा मलाच त्यांचं वेड लागलं. भरती-ओहोटीच्या वेळा बघून मी दर रविवारी तिथे जायला लागले. मोबाइलवर फोटो काढले तर चिखलावर बिटाच्या रसातली चार शितं सांडल्यासारखे दिसत. तेव्हा ठरवलं, आता कॅमेरा घ्यायचा. आणि कॅमेरा घ्यायचा तर विचारायचं कोणाला, हा प्रश्नच नव्हता.

माझ्यापुढे दोन पर्याय होते. एक, सुरुवातीच्या पातळीचा डीएसएलआर. त्याची भिंगं बदलता येतात, कमी उजेडातही फोटो चांगला येतो, पण सोबत मिळतं ते भिंग जवळचं, आणि लांबचं वेगळं घ्यायचं तर ते माझ्या आवाक्याबाहेरचं. दुसरा, ब्रिज कॅमेरा. त्याचं भिंग कायमचं जोडलेलं, संध्याकाळ झाली की फोटोत दाणे दिसायला लागतात, पण झूम असा की धक्क्यावर उभं राहून पाखराच्या डोळ्यात बघावं.

काकांनी ब्रिज कॅमेऱ्याचं चित्र पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. "नाक बघ केवढं लांब. आणि डोळा लावायचा तिथे आत टीव्ही बसवलाय. खरं सोडून टीव्हीत काय बघायचं? शिवाय भिंग कायमचं. गो चेडवा, नवरा बदलता येत नाही, निदान भिंग तरी बदलता येऊ दे."

काकू आतून म्हणाल्या, "माका विचारलास तर मी भिंग ठेवलंय असता."

"तू डीएसएलआर घे," काकांनी निकाल दिला. "आणि पाखरांच्या जवळ जा."

"काका, तिथे चिखल आहे."

"मग हळू जा."

आता यात अडायचं काय होतं? पैसे माझे, पाखरं माझी. सरळ दादरला जाऊन हवा तो कॅमेरा घेऊन यायचा. पण निघताना काकूंनी मला जिन्यापर्यंत येऊन हळूच सांगितलं, "दुकान बंद झाल्यापासून ह्यांका कॅमेऱ्याचा कोणीच काय विचारूक नाय. तू पयली. काल रातभर पुस्तकां काढून बसले होते." झालं. ब्रिज कॅमेरा घेतला तर काकांचा शब्द पडणार, आणि डीएसएलआर घेतला तर माझी पाखरं शितंच राहणार. मी काहीच घेतलं नाही. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. काका दर दोन दिवसांनी विचारत, मी परीक्षेचे पेपर पुढे करी. दोन महिने सातवी-ब चे पेपर तपासणारी मी जगातली एकमेव शिक्षिका असेन.

शेवटी काकांनीच तोडगा काढला. "दोन्ही आण कोणाकडून तरी. शिवडीला जाऊ. तू तुझ्या नाकाने काढ, मी माझ्या पायांनी काढतो. फोटो काय ते बोलतील."

मावसभावाचा डीएसएलआर आणला, शाळेतल्या एका बाईंचा ब्रिज कॅमेरा आणला, आणि एका रविवारी सकाळी आम्ही धक्क्यावर उभे राहिलो. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. लग्नाला घालत तसाच. ओहोटी संपून भरती नुकतीच लागली होती. पाखरं लांब होती. मी कॅमेऱ्याला डोळा लावला, झूम ओढला आणि एक रोहित माझ्यासमोर मान वाकडी करून उभा राहिला. त्याच्या चोचीवरून चिखल निथळत होता. मी सगळं विसरले. काका सोबत आहेत हेही.

भानावर आले तेव्हा काका शेजारी नव्हते. बघते तर दगडांवरून खाली उतरून ते चिखलात बरेच आत गेलेले. पांढरा शर्ट तेवढा दिसत होता. हात वर, हातात कॅमेरा, अजिबात हालचाल नाही. मला वाटलं, काढतायत. काका फोटो काढताना खांबासारखे उभे राहत. मी पुन्हा पाखरांकडे वळले. पण थोड्या वेळाने पाहिलं तरी शर्ट तिथेच, तसाच, आणि त्याच्या मागे पाणी चमकायला लागलेलं. म्हणून झूम काकांवर नेला.

ते मांड्यांपर्यंत रुतले होते. दोन्ही हातांनी कॅमेरा डोक्यावर धरला होता आणि भिंगाचं तोंड आभाळाकडे होतं. ते फोटो काढत नव्हते. तोंड घट्ट मिटलेलं होतं, आणि भरतीचं पाणी त्यांच्यापासून चार हातांवर आलं होतं.

मी किती जोरात ओरडले ते आठवत नाही. धक्क्यावर होड्या दुरुस्त करणारे तिघे जण होते, त्यांनी हातातलं काम टाकलं. लांब फळ्या खांद्यावर घेतल्या आणि चिखलावर एकीपुढे एक टाकत निघाले. पुढचा हाक मारत होता, "चाचा, हिलना मत. बिलकुल मत हिलना." मला जाऊ देईनात. मी काय करणार? कॅमेऱ्याला डोळा लावून काकांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, कारण ते ठीक आहेत की नाही हे कळायला दुसरा मार्गच नव्हता. पाणी त्यांच्यापर्यंत पोचलं. मग फळी पोचली. काकांनी आधी कॅमेरा त्या माणसाच्या हातात दिला, मग एक हात फळीवर टेकला, आणि हसले. सगळे दात दाखवून हसले. माझं बोट दाबलं गेलं.

वर आल्यावर होडीवाल्यांनी पिंपातलं पाणी त्यांच्या अंगावर ओतलं, चहा पाजला. माझं डोकं भडकलं होतं.

"ओरडलात का नाही?"

"पाखरां जवळ येत होती गो. बोंब मारली असती तर उडान गेली असती."

"मग काढायचे होते ना फोटो."

"हात खाली घेतलो असतो तर कॅमेरो भिजलो असतो. दुसऱ्याचो कॅमेरो." काका घाबरले की पूर्ण मालवणीत जात. तेव्हा मला कळलं की ते किती घाबरले होते.

टॅक्सीत सीटवर वर्तमानपत्रं पसरून आम्ही घरी आलो. गटारात पाय गेला, असं काकूंना सांगितलं. "खयच्या गटारात कमरेपर्यंत पाय जाता?" एवढंच विचारून त्यांनी पाणी तापवायला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला नळ गेला, आकडा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. खालच्या बायका मलाच विचारायला लागल्या, "आज अकरा आहे का गं?" काका आत खाटेवर पडून असत. ताप नव्हता, दुखणं नव्हतं. मी गेले की भिंतीकडे तोंड करत. सामन्याचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. एका कॅमेऱ्यापायी मी या माणसाचं काहीतरी कायमचं मोडलं, असं मनाने घेतलं. त्यात तो फोटो माझ्याजवळ होता. अडचणीतल्या माणसाचा, नियम मोडून काढलेला. पुसून टाकायला दोनदा बसले, दोन्ही वेळा पुसवला नाही.

आठव्या दिवशी मला ते ओझं झेपेना. लॅपटॉप घेऊन वर गेले आणि काकांच्या मांडीवर उघडून ठेवला. "माझी चूक आहे, काका. पण तुम्ही बघा."

काकांनी चष्मा लावला. लॅपटॉप जवळ ओढला. काकूही येऊन मागे उभ्या राहिल्या, आणि गटार कुठलं होतं ते त्यांना समजलं.

"अडचणीत होतो मी," काका म्हणाले.

"हो."

"आधी काय सांगितलंय मी?"

"आधी फळी पोचली, काका. मग फोटो काढला."

काकांच्या खांद्याला आधी हिसका बसला. मला वाटलं रडतायत. पण हसत होते. हसता हसता खोकला आला, काकूंनी पाणी दिलं, ते पिऊन पुन्हा हसले. मग चष्मा पुसून धंद्याच्या नजरेने फोटो बघायला लागले. "सावलीत दाणे आलेत. चौकट वाकडी. धक्क्यावरून काढलास?"

"हो."

"माझी वरची दाढ दिसतेय." पुन्हा बघितलं. "मला वाटायचं, लांबून काढायला लागलीस तर माणसाकडे जायची सवय मोडेल तुझी. पण तू पाखरं सोडून कॅमेरा माझ्याकडे वळवलास ना? मग हाच घे. लांब नाकाचाच घे."

मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच, लग्नातल्या बापासारखी, रडायला लागले. काका पाणी आणायला उठले. आठ दिवसांनी खाटेवरून उठले. दुसऱ्या दिवशी साडेसातला गॅलरीतून आवाज आला, "अकरा, अडीचशे," आणि खाली पापडांच्या चटया पसरल्या गेल्या.

त्यानंतर काका पाच वर्षं होते. माझ्या ब्रिज कॅमेऱ्याला त्यांनी शेवटपर्यंत नावं ठेवली आणि दर रविवारी माझ्यासोबत शिवडीला आले. धक्क्यावर होडीवाल्यांच्या शेजारी डबा उघडून बसत.

गेल्या थंडीत ते झोपेतच गेले. चाळीच्या खोलीत शोकसभा ठेवली तेव्हा लावायला फोटो शोधला. घरात हजारो लग्नांचे फोटो, काकांचा एकही धड नाही. काकूंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "तो चिखलातलो मोठो करून आण."

आणला. हार घातला. लोक तोंडं पाडून येत, हात जोडायला वर बघत आणि गोंधळत. पाय चिखलात, एक हात फळीवर, शर्टाची दशा झालेली, आणि माणूस एवढा खूश. कोणीतरी हळूच विचारी, हा कुठे काढलाय? मग काकू डोळे पुसून पहिल्यापासून सांगत. पायांनी झूम करायला कसे गेले, कसे रुतले, पाखरं उडतील म्हणून ओरडले कसे नाहीत, पाणी कसं चढत आलं. त्या दिवशी त्यांनी ती गोष्ट निदान वीस वेळा सांगितली आणि वीसही वेळा ती एकाच जागी संपवली.

"मगे फळी इली. आणि हे भायर इले."

तिथे त्या थांबत. त्यापुढची पाच वर्षं आणि ती झोपेतली रात्र आम्हाला सगळ्यांना माहीत होती, पण कोणी विचारलं नाही.