लाकडी नंदीचा राग

देवाजीचा विश्वास म्हणून कोणावर बसायचा नाही. दूधवाल्यादेखत दुधात बोट बुडवून पाहणार, गॅसचा सिलिंडर आला की हलवून पाहणार, डॉक्टरने दिलेली गोळीसुद्धा आधी शेजारच्या रामाजीला दाखवणार. सगळ्या जरीपटका वस्तीला ठाऊक असलेला माणूस!

तर तान्ह्या पोळ्याला पोरं दोरीने ओढतात तो लाकडी नंदी फळीवरून गायब झाला. चार वर्षांची नात रोशनी म्हणाली, "बालवाडीत नेला. सिंधूताईनं मागतला."

"पाहा!" देवाजी उसळला. "बालवाडीची बाई पोरीच्या हातून घरच्या वस्तू मागवून राहिली ते!"

सून श्वेताला काळजी वेगळीच होती. रोशनी चावायची. बालवाडीतल्या धम्मदीपच्या दंडावर तिचे दात उमटले होते आणि त्याच्या आईने, भावनाने, बजावलं होतं: पुन्हा चावली तर पोरीला बालवाडीतून काढायला लावीन.

दुसऱ्या दिवशी देवाजी बालवाडीच्या खिडकीशी दबा धरून उभा. पाहतो तर रोशनीवर नजर ठेवायला भावना आधीच तिथे!

आत चटईवर नंदी, भोवती पोरं.

"आज नंदीले राग आला," सिंधूताई म्हणाल्या. "काहून आला असंन?"

"त्याले कोणी खेळात घेत नाही," रोशनी पुटपुटली.

"पोरीच्या पोटातलं काढून राहिली," देवाजी कुजबुजला. "उद्या घरातली भांडणं काढंन."

"एवढं काय लपवाचं आहे तुमाले, बाबाजी?" भावना म्हणाली.

"मंग नंदीनं काय करावं?" आत ताईंनी विचारलं.

"चावावं!"

पोरं खिदळली. ताई रागावल्या नाहीत. "चावल्यावर कोणी खेळंन त्याच्यासंग?"

रोशनीने मान हलवली. नाही.

"मंग तोंडानं काय सांगावं?"

तेवढ्यात धम्मदीपने नंदीची दोरी ओढली. रोशनीचं तोंड उघडलं, थेट त्याच्या दंडापाशी गेलं. देवाजीने खिडकीचे गज आवळले. भावना दाराकडे धावली.

"मले राग आला!" रोशनी किंचाळली. "मलेबी घे ना!"

धम्मदीपने आधी आपला दंड पाहिला, मग तिच्याकडे. दोरी पुढे केली. "घे. तू हाकल."

देवाजी आत शिरला. "ताई, खरं सांगा. या पोट्ट्याले आधीच पढवून ठेवलं होतं ना?"

"ठेवलं होतं," ताई शांतपणे म्हणाल्या. "दोघायलेही. रोज तेच तं करून राहिली मी. बसा, तुमाले कशाचा राग आला ते नंदीले सांगा."

"मले राग-बिग येत नाही!" देवाजी ओरडला. पोरं लोळून हसली.

दारात भावनाही हसत होती. "ताई, राहू द्या रोशनीले. आन् या बाबाजीचंही नाव बालवाडीत घालून टाका."