मळक्या बाजूला छबुबाई

पाटोद्याच्या रस्त्यावरचा तो छोटा दवाखाना एका सहकारी संस्थेचा होता. १९८६च्या दुष्काळात संस्थेचा साखर कारखाना उसाअभावी बंद राहिला. दवाखाना टँकरच्या पाण्यावर कसाबसा चालू होता. छबुबाई तिथे आया होत्या. नवरा वारलेला, मुलगा बायकोपोरांसह ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेलेला. घरी बोलायला कुणी नव्हते, म्हणून कामाची पाळी संपली तरी त्या बायकांच्या वॉर्डातच रेंगाळत. कुणाची वेणी घालून देत, कुणाचे बाळ मांडीवर घेत.

त्या हिवाळ्यात शस्त्रक्रियेच्या जखमा चिघळू लागल्या. संस्थेचे सचिव सुंदरराव यांना कारण लगेच सापडले.

"बाई, हात धूत न्हाई तुमी. सोमवारपासून येऊ नका."

"धुते की, सायेब! बगा हे, कातडं सोललंय धुऊन धुऊन."

डॉक्टरांनी आठवडाभराची मुदत मागून घेतली आणि बंद कारखान्यातले मिल फोरमन बंकटराव यांना बोलावले. गाळपाच्या दिवसांत रस आंबू लागला, की बंकटराव माणूस धरण्याआधी रस कुठे साचून राहतो ते शोधत. इथेही त्यांनी तेच केले. ते एका चिमट्याच्या मागे हिंडले: जखमेपासून मोरीपर्यंत, मोरीतून उकळत्या पातेल्यात, पातेल्यातून पुन्हा जखमेकडे. उकळलेला चिमटा हाताला सोसत नसे. परिचारिका तो मोरीतल्या टबात बुडवून गार करत. वापरलेली भांडीही त्याच टबात विसळली जात. टँकरचा भरवसा नव्हता, आणि हाती आलेले पाणी इतक्या लवकर ओतून देणे त्या मुलखात कुणाच्याच मनात येत नसे. टब छबुबाई भरत. चिमटा त्यात सगळेच बुडवत.

"मंग दोष कोनाचा?" सुंदररावांनी विचारले.

"टबाच्या जागेचा. हिला काढली तर दुसरी बाई बी तिथंच टब भरल."

"लई हुशार हाव फोरमन. मंग कारखाना कावून बंद पडला?"

"आभाळाला नोटीस काढा. मी सही करतो."

मोरीत भिंत उभी राहिली. वापरलेली हत्यारे वॉर्डाकडच्या खिडकीतून धुवायला येत. धुऊन झाली की पलीकडच्या खिडकीतून उकळायला जात आणि झाकलेल्या ट्रेमध्येच गार होत. धुण्याच्या, म्हणजे मळक्या बाजूच्या माणसाने वॉर्डात पाऊल ठेवायचे नाही, असा नियम ठरला. जखमा चिघळणे कमी झाले. हे केवळ भिंतीमुळे घडले असे ठामपणे म्हणता येत नाही, कारण त्याच सुमारास टँकरच्या फेऱ्याही वाढल्या होत्या. छबुबाईंची नोकरी मात्र भिंतीमुळेच टिकली, आणि त्यांची जागा ठरली मळक्या बाजूला.

खिडकीची फळी उघडे, ट्रे आत येई, फळी मिटे. सुरुवातीला ट्रे देणाऱ्या परिचारिकांचे हात छबुबाई बांगड्यांवरून ओळखत. पुढे आलेल्या नियमाने त्या बांगड्याही उतरल्या.

एकदा बंकटराव मोरीच्या बाहेरच्या दाराशी आले. "आता कुनी दोष देत न्हाई ना, मावशी?"

"द्यायला बी कुनी येत न्हाई, भाऊ."

दोन दिवसांनी बंकटरावांनी फळी काढून तिथे बंद कारखान्याच्या प्रयोगशाळेतली काच, फळीसारखीच उघडेल-मिटेल अशी, बसवली. काचेतून वॉर्डाच्या टोकाची एकच खाट दिसे. त्या खाटेवर कुणी असले, की छबुबाई हात पुसून वर करत. कधी पलीकडूनही हात वर होई. खाट रिकामी असे, त्या दिवशी त्या काच तेवढी पुसून ठेवत.