दरवर्षीचा शेवटचा कार्यक्रम

नोएलीन हॅच कोण, असं आमच्या बर्नी गावात कुणालाही विचारा. लोक म्हणतील, "शाळेच्या कॅन्टीनमधली ना? जास्त सॉस मागितला की खेकसते ती?" तीच ती. पण ती एका रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवायची आणि त्या बँडची सगळी गाणी तिनं लिहिली, हे सांगायला मलाच तोंड उघडावं लागतं. मी ब्रॉन टॅप. बंदरासमोरचा पब माझा. या बँडचं करिअर, म्हणजे जे काही झालं ते, माझ्याच छपराखाली झालं.

बँडचं नाव वेट टॉवेल्स. माणसं तीन. डार्सी पेल गायचा आणि गिटार वाजवायचा. उंच, देखणा, आणि आपण देखणे आहोत हे पक्कं ठाऊक असलेला. वेस ड्रम बडवायचा. तो प्लंबर, त्यामुळे सरावाची वेळ झाली की कुणाचा ना कुणाचा पाइप फुटायचाच. तिसरी नोएलीन. स्वतःला इंडी बँड म्हणवायचे. इंडी म्हणजे काय गं, असं मी एकदा विचारलं, तर ती म्हणाली, "कुठल्याही रेकॉर्ड कंपनीच्या दावणीला न बांधलेला."

"पण दावं घेऊन आली होती का कुठली कंपनी?" मी म्हटलं. बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही.

रविवारी दुपारी ते माझ्याकडे वाजवायचे. त्याच वेळी आमच्याकडे मटणाची सोडत असते. लोक तिकीट घ्यायचे, बिअर घ्यायचे, नंबर लागला की चॉप्स आणि सॉसेजचं ताट काखोटीला मारून घरी. नाही लागला तरी घरी. मागं आम्ही दोघीच उरायचो, मी आणि डार्सीची आई, आणि तिला ऐकू कमी यायचं. अशी वर्षानुवर्षं गेली.

मग एका ऑगस्टमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, तिघांचं कडाक्याचं भांडण झालं. कशावरून, तर वेसच्या गाडीत कुणीतरी माशांची पिशवी विसरलं होतं. बँड मोडला. रागाच्या भरात डार्सीनं माझ्या दारावर कागद चिकटवला: वेट टॉवेल्सचा शेवटचा कार्यक्रम. आणि काय सांगू तुम्हाला, अख्खं गाव लोटलं! पाय ठेवायला जागा नाही. बायका डोळे पुसतायत, आमचा दातांचा डॉक्टर टेबलावर चढून नाचतोय. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, ते हे असं.

तिघं इतके खूश झाले की आठवड्याभरात परत एकत्र. आणि पब परत ओस. तेव्हा वेसच्या सुपीक डोक्यातून निघालं, "आपण दरवर्षी मोडू या की!" तेव्हापासून ऑगस्टच्या पहिल्या रविवारी वेट टॉवेल्स नेमानं मोडायला लागले. गावाला सगळं ठाऊक होतं, तरी गाव येत होतं. एखादी हौशी बाई निरोपाचा केकसुद्धा आणायची.

सगळे हसायचे. नोएलीन नाही. एकदा बारपाशी बसून म्हणाली, "ब्रॉन, ही माणसं मयतीला येतात गं. गाण्याला नाही येत."

"कशाला का येईनात, येतात ना?"

"एकाला तरी माझं एक गाणं पाठ आहे का? एकाला?"

तसल्या कल्लोळात कोण गातंय आणि कोण नुसतं ओरडतंय, कुणाला कळतं!

"तेवढं एक कळलं ना, मग मी सुखानं सॉस वाढीन," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण मी तिचा ग्लास न मागता भरला.

पुढं मेलबर्नच्या एका कंपनीनं डार्सीला बोलावलं. एकट्याला. गाणी नको होती त्यांना, चेहरा हवा होता. त्या ऑगस्टला डार्सी माइकवर म्हणाला, "मंडळी, हा खरोखरच शेवटचा." असा हशा पिकला! "चल रे नाटक्या, पुढच्या वर्षी भेटू!" कुणीतरी ओरडलं. डार्सी बोटीनं गेला तो गेलाच. वेस लांब पश्चिमेला खाणीत कामाला लागला. नोएलीनची गिटार पलंगाखाली गेली. मी विषय काढला की म्हणायची, "बेस म्हणजे घराचा पाया. घरच पडलं, आता पाया बघायला कोण येतंय?"

वर्ष सरलं. ऑगस्टचा पहिला रविवार उजाडला. मी कुठं कागद लावला नव्हता, कुणाला बोलले नव्हते, तरी दुपारी माणसं यायला लागली. बघता बघता पब गच्च.

"अरे, बँड मोडला!" मी ओरडले. "खरंच मोडला!"

"हो हो, दरवर्षीच मोडतो," म्हणत दातांच्या डॉक्टरानं बिअर मागितली. अस्सा राग आला मला!

नोएलीन कोपऱ्यात सूप पीत होती. ती पांढऱ्याफटक चेहऱ्यानं माझ्याकडे आली. "घालव यांना, ब्रॉन."

"मी का घालवू? तुझे पाहुणे, तू घालव. माइक तिकडे आहे."

ती गेली. "डार्सी नाही, वेस नाही, कार्यक्रम नाही. घरी जा."

"तू तर आहेस ना!" केकवाली बाई ओरडली.

"मला गाता येत नाही!"

"मग वाजव!"

ती तरातरा दाराबाहेर पडली. मला वाटलं, गेली. पण तिचं घर शेजारीच आहे. परत आली ती गिटार घेऊन, रागानं लालबुंद. "घ्या. नुसता बेस असा वाजतो. कंटाळा आला की दार उघडं आहे."

ढुम, ढुम, ढुम. तिचं 'बोट' नावाचं गाणं होतं. मी डोळे मिटून घेतले; म्हटलं, आता बाईची शोभा होणार. तेवढ्यात डॉक्टर खाकरला आणि भसाड्या आवाजात गायला लागला. अगदी पहिल्या शब्दापासून. मग केकवाली. मग सगळेच. अहो, शब्दन् शब्द! धक्क्यावरून हात हलवणारी माणसं, सुटणारी बोट, तिन्ही कडवी! मीसुद्धा गात होते, आणि आपल्याला हे पाठ आहे हे माझं मलाच माहीत नव्हतं. नोएलीनच्या डोळ्यांना धार लागली होती आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता.

तिसऱ्या कडव्याला गाणं संपतं. आम्ही टाळ्या पिटायला लागलो, पण तिची बोटं थांबेनात. तिनं मान हलवून आम्हाला गप्प केलं आणि तोंड माइकपाशी नेलं. चौथं कडवं होतं म्हणे. गाणं लांबतं म्हणून डार्सीनं ते कधी म्हटलंच नव्हतं. नोएलीनचा आवाज म्हणाल तर कावळा परवडला. त्या आवाजात ती म्हणाली:

"बोट गेली, हात थकले,
गाव वळलं घरी;
जी न गेली, तिला कुणी
निरोप द्या ना तरी."

डॉक्टर हातातला ग्लास खाली ठेवून म्हणाला, "परत म्हण ना."

तिनं बाहीला नाक पुसलं. पोरांना रांगेत उभं करते तो कॅन्टीनचा आवाज लागला तिला. "म्हणते. पण नुसतं ऐकायचं नाही, माझ्या मागून म्हणायचं. पाठ होईपर्यंत कुणाला बिअर नाही."

"ए बाई, पब माझा आहे!" मी म्हटलं.

"मग तू सगळ्यात आधी," ती म्हणाली.

मी बिअरचा नळ बंद केला आणि म्हणायला लागले.